जुगाराचे बारसे

वाशीम, रिसोड किंवा कारंज्याच्या बाजारात मटक्याची चिठ्ठी लिहिणारा इसम सापडला, तर त्याच्यावर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. मोबाइलवर क्रिकेटचा संघ रचून पैसे लावून घेण्याचा धंदा मात्र वर्षानुवर्षे राजरोस चालला. 2020 च्या आयपीएलला ‘ड्रीम इलेव्हन’ या कंपनीचेच नाव होते. 2023 पासून 2025 च्या ऑगस्टपर्यंत ते भारतीय संघाच्या छातीवरही झळकले. चिठ्ठीवाला गुन्हेगार आणि कंपनी पुरस्कर्ती, हा न्याय कोठला?

हा न्याय ‘कौशल्य’ या शब्दातून निघाला. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ठरविले. रमीला ती प्रतिष्ठा आधीच लाभली होती. 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने मोबाइलवरील क्रिकेटसंघांनाही त्याच पंक्तीला बसविले. संघ निवडण्यास माहिती लागते, हे मान्य. परंतु सर्वांनी भरलेल्या रकमेतून कंपनी आपला वाटा आधी काढते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटते. म्हणजे सर्वांची मिळून खोट ठरलेलीच! कौशल्याने ती नाहीशी होत नाही. कमी जाणत्याच्या खिशावर जाऊन पडते, एवढेच.

शासनही या व्यवहारात भागीदार झाले. 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी घेतला गेला. 1969 पासून स्वतः लॉटरी चालविणाऱ्या राज्यात याचे नवल कोणास वाटावे?

केंद्राने 2018 साली ‘आकांक्षित’ ठरविलेल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन हेच बहुतेक घरांचे आर्थिक बळ. 2025 च्या हंगामात 5,328 रुपये हमीभाव जाहीर असूनही बाजारात त्याहून कमी दर मिळाला. भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्या पदवीधराला पन्नास रुपयांत कोटीचे स्वप्न दाखविले, तर तो ते पाहणारच. हरलेले परत मिळविण्यासाठी तो आणखी लावतो, मग मोबाइलवरच झटपट कर्ज घेतो. बापाचे पीककर्ज जमा होते त्या खात्यालाही पुष्कळदा मुलाचाच मोबाइल जोडलेला असतो.

त्यातच 2025 च्या जुलैत विधान परिषदेत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण जाहिरात बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा. महिनाअखेर कृषिखाते गेले आणि मिळाले ते क्रीडाखाते!

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. सुमारे 45 कोटी लोक वर्षाला 20,000 कोटी रुपये गमावतात, हा अंदाज सरकारचाच. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच झाले. परंतु कंपन्यांच्या नफ्यातून वा गोळा झालेल्या करातून या तरुणांच्या कर्जमुक्तीसाठी एक पैही काढून ठेवण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. ती मागणी आता पक्षानेच लावून धरावयास हवी. आणि गावोगावी पीककर्जाची कागदपत्रे पाहताना कार्यकर्त्यांनी मुलाच्या मोबाइलवरील कर्जाचीही विचारपूस करावी. घरात ते सर्वांत शेवटी कळते.