न झालेल्या गोलांचा हिशेब

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकविषयी मराठीत जिथे जिथे लिहिले जाते तिथे ध्यानचंदांचे १४ गोल न चुकता येतात. भारताने पाच सामन्यांत मिळून २९ गोल केले, हेही बहुधा येते. त्याच पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, ही बाब मात्र आलीच तर स्वल्पविरामानंतर, वाक्याच्या शेपटाला बांधलेली असते. त्या संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हे आजच्या झारखंडातील खुंटी भागातले आदिवासी, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, आणि खेळायचे ते बचावफळीत. (अंतिम सामन्याला ते संघात नव्हते, ती कथा निराळी आणि बरीच कडवट आहे.) पुढे घटना समितीत आदिवासींची बाजू मांडणारा नेता म्हणून त्यांची आठवण निघते. बचावपटू म्हणून ती सहसा निघत नाही.

हा केवळ विस्मरणाचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. आपल्या क्रीडालेखनाची भाषा घडलेल्या गोष्टी मोजते, आणि बचावपटूचे सारे कर्तृत्व न घडलेल्या गोष्टींत साठलेले असते. १९७५ च्या विश्वचषकाचे उदाहरण घ्या. क्वालालंपूरच्या उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध पराभव समोर दिसत असताना अस्लम शेर खान मैदानात उतरला, पेनल्टी कॉर्नरवर त्याने बरोबरीचा गोल केला आणि भारत तगला. अस्लम बचावपटू होता, परंतु तो अजरामर झाला तो गोल केल्यामुळे. त्याला जागा करून देण्यासाठी जो बाहेर आला, तो मायकेल किंडो, हाही बचावपटूच. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघातला. किंडोने त्या सामन्यात तोवर काय अडवले असेल ह्याची नोंद आपल्याजवळ नाही. ती नोंद ठेवायची असते हेच आपल्याला सुचलेले नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त वैष्णवी विठ्ठल फाळके ह्या मुलीचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील आसू हे तिचे गाव. फलटणची शालेय हॉकी आणि मग पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, ह्या वाटेने ती पुढे आली. २०२२ मध्ये डब्लिनच्या २३ वर्षांखालील पाच देशांच्या स्पर्धेत तिने भारताच्या कनिष्ठ संघाचे नेतृत्व केले. २०२३ मध्ये ती वरिष्ठ संघात आली आणि त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. जानेवारी २०२४ मध्ये रांचीला जपानकडून ०-१ अशी हार झाली आणि पॅरिस ऑलिम्पिकचे दार बंद झाले. त्या संघातही ती होती. त्यानंतर दहा महिन्यांनी, राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स करंडकासाठी संघ जाहीर झाला तेव्हा मध्यफळीतल्या ह्या खेळाडूचे नाव बचावपटूंच्या यादीत होते. भारताने ती स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल दीपिकाचा. स्पर्धेत तिचे ११ गोल झाले, आणि मथळे साहजिकच तिच्या वाट्याला गेले. सात सामन्यांत भारताचे एकूण गोल २९. (१९२८ चाच आकडा, योगायोगाने.) भारतावर झालेले गोल दोन, तेही दोन्ही एकाच सामन्यात, कोरियाविरुद्ध. उरलेले सहा सामने कोरे. ह्या सहा कोऱ्या सामन्यांविषयी मराठीत एखादा सविस्तर लेख आला असल्यास तो माझ्या वाचनात नाही.

मध्यफळीतून मागे येणे म्हणजे एक पायरी उतरणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. शाळेच्या मैदानावर तर जो मागे उभा केला जातो तो जवळजवळ शिक्षा झाल्यासारखा उभा राहतो. खरे पाहता तिथे खेळाडूला नव्याने शिकावे लागते, आणि आधीचे बरेच विसरावे लागते. चेंडू घेऊन प्रतिस्पर्धी अंगावर आला की शिकाऊ मुलाचा पहिला आवेग स्टिक पुढे खुपसण्याचा असतो. तो एकदा पुढे झुकला, वजन पुढच्या पायावर गेले, की समोरचा चेंडू हातभर बाजूला ओढतो आणि निघून जातो. मागे फक्त गोलरक्षक उरतो. म्हणून पहिला धडा न झेपावण्याचा. मागे सरकायचे, अंग तिरके ठेवायचे, समोरच्याला वाट द्यायची, पण कोणती वाट द्यायची ते आपण ठरवायचे. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते आणि ती सगळ्यांची उजव्या हाताचीच असते. त्यामुळे प्रत्येक खेळाडूची डावी बाजू उणी. समोरच्याला त्याच्या डावीकडे रेटणे म्हणजे त्याला आपल्या उजव्या, बळकट बाजूला घेणे. त्याला गोलापासून दूर, बाजूच्या रेषेकडे नेत राहायचे आणि चेंडू त्याच्या स्टिकपासून तसूभर सुटेल त्या क्षणाची वाट पाहायची. तो क्षण कधी येतो, कधी येतच नाही. पण तोवर आपल्या संघातले आणखी दोघे मागे पोहोचलेले असतात, आणि बचावपटूचे काम तेवढ्यावरही झालेले असते. प्रेक्षकाला ह्यात काही घडले असे वाटत नाही.

गोलापुढच्या १४.६३ मीटर त्रिज्येच्या ‘डी’मध्ये तर साधी चूकही महाग पडते. चेंडू पायाला नुसता लागला तरी पेनल्टी कॉर्नर. मग पाच जणांनी, त्यात गोलरक्षक आला, गोलरेषेमागे उभे राहायचे, बाकीच्यांनी मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे, आणि एकाने तोंडावर मुखवटा चढवून थेट चेंडू मारणाऱ्याच्या अंगावर धावत जायचे. हे धावणे धाडसाचे म्हणून सांगितले जाते. ते तितकेच गणिताचेही असते, कारण कोणती रेषा आपण झाकायची आणि कोणती गोलरक्षकाला सोडायची हे आधी ठरलेले असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइडचा नियम गेला आणि आक्रमकाला गोलाच्या तोंडाशी दबा धरून बसण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून बचावपटूला समोर पाहता पाहता पाठीमागचेही पाहावे लागते. म्हणून तो बोलतो. सबंध सामनाभर ओरडून तो दुसऱ्यांना जागा सांगत असतो. लाजरी मुलगी चांगली आक्रमक होऊ शकेल. बचावपटू होण्यासाठी तिला आधी आवाज फुटावा लागतो. खेड्यातून आलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हे वाक्य किती वजनाचे आहे, ते निराळे सांगायला नको.

आता घोडेगावाविषयी. ज्या आंबेगावचे नाव आमच्या तालुक्याला आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. इथे हॉकी नाही. कबड्डी आहे, आणि ती मुरलेली आहे. कबड्डीचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण अडवणाऱ्याला गुणफलकावर मान देणारा तो खेळ आहे. पकड झाली की गुण मिळतो. हॉकीत बचावपटूने वीस वेळा चेंडू काढून घेतला तरी फलक हलत नाही. ह्या एका भेदामुळे कबड्डीच्या मराठीत अडवण्यासाठी शब्दांची श्रीमंती आली: कोपरारक्षक, मध्यरक्षक, साखळी, पकड. कल्याणचा गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यात उभा राहून २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या भारतीय संघापर्यंत पोचला, आणि त्याने किती पकडी केल्या हे वर्तमानपत्रे आकड्यानिशी देत होती. हॉकीपाशी आल्यावर हीच मराठी मुकी होते. ‘बचावफळीने चांगली कामगिरी केली’ ह्यापुढे वाक्य सरकत नाही. कोपऱ्यातल्या खेळाडूचे थांबणे, चढाई करणाऱ्याला आत येऊ देणे, जोडीदाराच्या हाताची साखळी सुटू न देणे, ह्या सगळ्याला हॉकीच्या बचावात सरळ जाब देणारे काहीतरी असते. शब्द उसने घ्यायचे तर घरातूनच घेता येतील. ज्याला शब्द नाही ते प्रशिक्षकालाही शिकवता येत नाही, हा तर रोजचा अनुभव आहे.

घोडेगावला आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय आहे. तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला आणि पलीकडे जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात आश्रमशाळा आहेत. तिथली मुले प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. ह्या मुलांविषयी बोलताना ‘मुळातच काटक’ हे विशेषण फार लवकर येते. मला त्याचा राग येतो. कौतुकाच्या वेषातला तो आळस आहे. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्याविषयीही हेच बोलले जाते. त्या जिल्ह्यातल्या सौनामारा ह्या एका गावाने दिलीप तिर्की दिला, जो १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिम्पिक बचावफळीत खेळला. आणि अमित रोहिदासही त्याच गावाने दिला. पॅरिसला २०२४ मध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध रोहिदासला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले आणि उरलेली ४३ मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. सामना १-१ असा सुटला, शूटआउटमध्ये भारत जिंकला. त्या ४३ मिनिटांत श्रीजेश आणि त्याच्यापुढच्या फळीने जे केले ते भारतीय बचावाचे अलीकडचे सर्वोत्तम दर्शन, असे मी म्हणेन. दीप ग्रेस एक्का सुंदरगडचीच. शेजारच्या झारखंडातल्या खुंटीची, म्हणजे जयपालसिंगांच्याच भागातली, निक्की प्रधान. हे सगळे बचावपटू आहेत. एका पट्ट्यातून इतके बचावपटू रक्तामुळे येत नाहीत. तिथे गावोगावी स्पर्धा होतात, जिंकणाऱ्या संघाला खस्सी, म्हणजे बोकड, बक्षीस मिळतो, आणि सारे गाव तो खाते. पुढे राउरकेलाजवळ पानपोशचे क्रीडा वसतिगृह आहे, जिथे मूल वर्षानुवर्षे एकाच नजरेखाली राहते. अडवणारा किती अडवतो हे गावाला कळते, कारण गाव सामना पाहायला रेषेवर उभे असते.

शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आक्रमक एका दुपारी सापडतो. निवड चाचणीत धावण्याचा वेग, उडी, चपळाई मोजली की त्याचा अंदाज येतो. बचावपटूचा अंदाज येण्यासाठी तोच माणूस तीन-चार हंगाम त्याच मुलीकडे पाहत राहिला पाहिजे. ती गेल्या वर्षी कुठे झेपावत होती आणि यंदा कुठे थांबते, हे त्यालाच दिसते. फलटणला अशी नजर होती. वैष्णवीच्या आगेमागे त्याच तालुक्यातली अक्षता ढेकळे बचावपटू म्हणून कनिष्ठ विश्वचषक खेळली आणि वरिष्ठ संघापर्यंत गेली, ह्यावरून ती एकट्या मुलीची दैवगती नव्हती हे उघड आहे.

अंतराचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. घोडेगाव ते पुणे साधारण ७० किलोमीटर. आसूहून पुणे ह्याहून पुष्कळ लांब आहे. कृत्रिम हिरवळीचा मुद्दा अधिक खरा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी गवतावरून उठली आणि ग्रामीण भारताच्या हातून निम्मी सुटली, ह्यात शंका नाही; आमच्या पश्चिम पट्ट्यात तर पावसाळ्याचे चार महिने मैदान म्हणजे चिखल. पण पहिली तीन वर्षे हिरवळ लागत नाही. मुरमाचे सपाट मैदान, तीस-चाळीस स्टिका आणि बदली होऊन न जाणारा एक प्रशिक्षक लागतो. तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंपेक्षा दुर्मीळ आहे. शासकीय व्यवस्थेत माणूस तीन वर्षांनी हलतो, आणि बचावपटू नेमका चौथ्या वर्षी दिसू लागतो.

आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धांत कबड्डी, खो-खो, धावणे असते. तिथे हॉकी आणायची तर मुलींपासून आणावी, आणि कबड्डीत कोपऱ्याला उभ्या राहणाऱ्या मुलींपासून आणावी, असे मी सुचवीन. बक्षीस बोकडाचे ठेवायला सरकारी नियम आडवे येतील. ते गावाने द्यावे. आणि गुणलेखकाच्या वहीत गोल करणाऱ्यांच्या रकान्याशेजारी दुसरा एक रकाना आखून घ्यावा, चेंडू कोणी किती वेळा काढून घेतला त्याचा.