नुसता आवाज वाढवणारी डबी

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने शिकवणीच्या पैशातून एक डबी विकत घेतली. साबणाच्या डबीएवढी, पण धातूची आणि हाताला चांगली जड. वर एक गोल बटण आणि पायाने दाबायचा एक खटका. बस्स.

"ही काय करते रे?"

"अगं आजी, आवाज वाढवते."

"आणखी?"

"आणखी काहीच नाही. तेच तर तिचं वैशिष्ट्य!"

मी कपाळावर हात मारून घेतला. आवाज वाढवायचं बटण त्याच्या गिटारवर आहे, अ‍ॅम्पवर आहे, आणि आता हे तिसरं! नागपूरच्या वन्संना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पैसे वर आलेत कार्ट्याला." (वन्सं, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे. म्हणाला होतात की नाही?) माझंही मत तेव्हा फार वेगळं नव्हतं. आता बदललंय, पण सगळं नाही. म्हणून आज हे लिहायला बसले.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. विजेतलं माझं ज्ञान फ्यूज बदलण्यापुरतं. तरी नातवाला प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते असं. या डबीला 'क्लीन बूस्ट' म्हणतात. गिटारच्या तारांखालच्या चुंबकांतून निघणारा विजेचा संदेश फार क्षीण असतो. डबी तो मोठा करते आणि पुढे पाठवते. त्यात स्वतःचं मीठ-मसाला घालत नाही. खर्ज, मधले सूर, वरचे सूर, सगळे सारखेच वाढतात. अर्थात आधी गुरगुर असेल तर तीही इमानाने वाढते!

या डबीचा जन्म मोठा गमतीचा आहे. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये 'इलेक्ट्रो-हार्मोनिक्स' ही कंपनी काढली. त्यांना गिटारचा सूर लांबवर टिकवणारं यंत्र हवं होतं. ते काम बॉब मायर या इंजिनिअर मित्राकडे दिलं. गिटारचा संदेश अगदीच दुबळा म्हणून मायरनी मुख्य यंत्राच्या आधी एक छोटं एका ट्रान्झिस्टरचं खोकं जोडलं. मॅथ्यूजनी विचारलं, हे काय? आणि ज्यासाठी गेले होते ते राहिलं बाजूला, हे सोबतचं खोकंच 'एलपीबी-१' नावाने बाजारात आलं! पाहुण्याबरोबर आलेलं पोरच घरचं लाडकं व्हावं, तसं. आणखी गंमत म्हणजे लोकांनी ते घेतलं ते स्वच्छ आवाजासाठी नव्हेच. काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा संदेश दिला की तो आवाज फाटतो, आणि रॉकवाल्यांना तोच फाटका, भरदार आवाज हवा होता. नाव 'क्लीन', काम मळवण्याचं.

आता जानेवारीतल्या गॅदरिंगची गोष्ट. नातवाच्या बँडमध्ये चौघं जण. दोन गिटार, एक बास, एक ड्रम. मी तिसऱ्या रांगेत. कानातलं यंत्र नीट बसवून, बॅटरी तपासून. गाण्याच्या मध्यावर त्याच्या एकट्याच्या वादनाची वेळ आली, त्याने ऐटीत पाय उचलून खटका दाबला, डबीवरचा लाल दिवा लागला. आणि पुढचं मिनिटभर त्याची बोटं धावताना मला दिसत होती, ऐकू मात्र काही येत नव्हतं. प्रथम वाटलं, माझंच यंत्र बिघडलं. शेजारी सूनबाईंकडे बघितलं, तर त्यांचाही चेहरा पडलेला.

घरी आल्यावर जेवला नाही. मोठा अ‍ॅम्प घेतो म्हणाला. त्या रात्री मी गप्प बसले. पेपरात नापास झालेल्या मुलीला त्याच दिवशी उत्तरपत्रिका दाखवू नये, हा जुना अनुभव.

कारण चार दिवसांनी सापडलं. त्याने बूस्टची डबी डिस्टॉर्शनच्या डबीच्या आधी जोडली होती. डिस्टॉर्शन म्हणजे संदेश ठरावीक उंचीवर छाटून टाकणारी डबी. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी दोन तांबे ओतले तर पाणी वाढतं का? बाहेर सांडतं. तसंच इथे. आधी बूस्ट दिला की आवाज अधिक दाट, अधिक खरखरीत होतो, मोठा फारसा होत नाही. मोठा हवा तर बूस्ट डिस्टॉर्शनच्या नंतर हवा. आणि अ‍ॅम्प स्वतःच फाटत असेल तर तेही पुरत नाही. मग अ‍ॅम्पच्या मागे 'इफेक्ट्स लूप' नावाची जोडणी असते, तिथे लावावा लागतो. दोन वायरींची अदलाबदल, एवढाच खरा खर्च होता. मोठ्या अ‍ॅम्पचे पैसे वाचले म्हणून चिरंजीव खूष.

पण माझं मत असं, की वायर हे अर्धंच कारण. मी त्यांच्या तालमीला दोनदा बसले आहे. पहिली गिटार ऐकू येत नाही म्हणून नातू आवाज वाढवतो. मग दुसरा म्हणतो, आता माझं ऐकू येत नाही. मग बासवाला. ड्रमला बटण नसतंच, तो बिचारा हाताने जोर काढतो. पंधरा मिनिटांत चौघंही टोकाला. अशा ठिकाणी बूस्टला वाढायला जागाच कुठे उरते? मी वाचलं, 'मायक्रो अ‍ॅम्प' नावाची अशीच एक डबी २६ डेसिबलपर्यंत वाढवते, म्हणजे व्होल्टेज जवळजवळ वीसपट. सोलोला त्यातले पाच-सहा पुरतात. पण ते पाच-सहा बाकीच्यांनी रिकामे ठेवायला हवेत ना!

आमच्याकडे नाट्यसंगीताला साथ करणारे पेटीवाले काय करत? गायकाची तान सुरू झाली की भाता हलका, तान संपली की भरणा. ही अक्कल कुठल्या डबीत मिळत नाही.

हे मी बोलले आणि घरात वादळ झालं. नातू म्हणाला, दुसऱ्या गिटारवाल्याला आवाज कमी कर असं सांगितलं तर तो बँड सोडेल. शाळेपासूनची मैत्री. मी म्हटलं, मग तू आधी स्वतःचा कमी कर, बघू. काही जण बूस्ट सतत चालूच ठेवतात, आवाजाला वजन येतं म्हणून. तेही चूक नाही, पण मग सोलोसाठी दाबायला काय उरलं? (बास वाजवणाऱ्यांसाठी जाता जाता: 'ट्रेबल बूस्टर' वेगळा, तो वरच्या सुरांना उचलतो, त्याने खर्ज पातळ होतो. दुकानात नाव नीट वाचून घ्या.)

दोन आठवडे बोलणं बंद होतं त्या दोघा मित्रांचं. मला वाईट वाटत होतं, आपण उगाच तोंड घातलं असं. मग एका रविवारी तो मुलगा स्वतःच घरी आला, पोहे खाल्ले, आणि म्हणाला, "आजी, याने स्वतःचा आवाज इतका कमी केलाय की मीच आता मोठा वाटतो." आणि हसत सुटला.

पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम आहे. मला यंदा तिसऱ्या रांगेतून उठवून शेवटच्या रांगेत बसवणार आहेत. सोलो तिथपर्यंत पोचला तर मी हात वर करायचा, असं ठरलंय. बॅटरीचं नवं पाकीट आणून ठेवलं आहे.