पर्सेंटाइल म्हणजे गुणवत्ता नव्हे
भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या ‘कॅट’ प्रवेशपरीक्षेत ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. शंभरातील सुमारे नव्व्याण्णव परीक्षार्थी मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ साली सुमारे २.९३ लाख उमेदवार परीक्षेस बसले. या संस्थांतील जागा मात्र काही हजारच. म्हणजे हा आकडा ज्ञान मोजीत नाही, टंचाईच्या रांगेतील स्थान दाखवितो. परीक्षा केवळ इंग्रजीत. साहजिकच इंग्रजी माध्यम व महागडे शिकवणीवर्ग ज्यांना परवडतात, ते रांगेत आधीच पुढे उभे असतात. श्रमिकांच्या मुलांनी अपयशाचा दोष स्वतःच्या बुद्धीस देऊ नये. जनतेच्या पैशावर उभारलेल्या या संस्थांत जागा वाढवा, शुल्क घटवा, परीक्षा मातृभाषांतही घ्या, ही मागणी विद्यार्थी व कामगार संघटनांनी एकजुटीने लावून धरलीच पाहिजे.