दिव्यांचा न दिसणारा घसारा

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये सायंकाळी उभ्या असलेल्या मोटारींमध्ये दहा-बारा वर्षांच्या गाड्या सहज ओळखू येतात. रंग चकचकीत ठेवलेला असतो, आसनांवर नवी आच्छादने असतात. समोरचे दोन्ही दिवे मात्र मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे पिवळट आणि धुरकट झालेले असतात. गाडी दिवसा कशी दिसते याकडे मालकाचे बारीक लक्ष असते. रात्री गाडीतून काय दिसते, याचा विचार क्वचितच होतो.

यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी घटते, तिला हिशेबाच्या भाषेत घसारा म्हणतात. दिव्यांचाही असा घसारा होत असतो. पण तो कोणत्याच वहीत मांडला जात नाही. पूर्वीच्या अ‍ॅम्बेसिडरच्या दिव्यांना काच असे. आजच्या गाड्यांच्या दिव्यांवरील पारदर्शक आवरण काचेसारखे दिसले, तरी ते पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असते. त्यावरील संरक्षक लेप उन्हातील अतिनील किरणांनी झिजला की आवरण पिवळे पडू लागते. छत्तीसगढच्या कडक उन्हात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे अटळच होय. ही घट इतकी सावकाश होते, की चालकाची नजर तिला सरावते आणि दोष दिव्याचा असूनही तो रस्त्याला किंवा स्वतःच्या वयाला दिला जातो.

अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या मोटारचालक संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत असे आवरण नव्या दिव्याच्या सुमारे एक-पंचमांश एवढाच प्रकाश देते, असे आढळले. भिलाईतील मराठी कुटुंबांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. सणासुदीला किंवा लग्नकार्याला नागपूरला जाताना राजनांदगाव सोडले की देवरी-साकोलीचा जंगलपट्टा लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. अशा वेळी रस्त्याच्या कडेला बंद पडलेला ट्रक एक सेकंद उशिरा दिसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक अपघात सायंकाळी ६ ते ९ या वेळात, म्हणजे दिव्यांची गरज सुरू होते तेव्हाच होतात.

उजेड कमी झाला की बहुतेक जण अधिक शक्तीचा बल्ब बसवतात. हा उपाय चुकीचा आहे. ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बसाठी केलेल्या होल्डरमध्ये १००/९० वॅटचा बल्ब बसवल्यास होल्डर व तारा तापून वितळण्याचा धोका असतो. साध्या बल्बच्या परावर्तकात एलईडी बसवला तर प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. स्वतःला दिसावे म्हणून दुसऱ्याला आंधळे करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

योग्य क्रम याच्या उलट आहे. प्रथम आवरण स्वच्छ करावे. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावून, पाणी मारत ८०० किंवा १००० क्रमांकाचा, मग १५०० आणि शेवटी २००० क्रमांकाचा वॉटर पेपर फिरवावा. नंतर पॉलिश करून अतिनील किरणरोधक लेप अवश्य द्यावा. हा लेप टाळला, तर टूथपेस्टने आणलेल्या चमकीप्रमाणे हे कामही काही आठवड्यांत वाया जाते. त्यानंतर बल्बकडे वळावे. मूळ शक्तीचेच बल्ब आणि तेही जोडीने बदलावेत. बल्बच्या काचेला बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकट डाग तापून बल्ब लवकर जातो. होल्डरचे गंजलेले टोक साफ करून घ्यावे. विजेचा दाब दहा टक्क्यांनी घटला, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची पातळी तपासून घ्यावी.

या उपायालाही मर्यादा आहे. त्याच चाचणीत दुरुस्तीनंतर नव्या दिव्याच्या सुमारे ७० टक्के प्रकाश परत मिळाला. परावर्तक काळवंडला असेल किंवा आवरणाच्या आत ओल शिरली असेल, तर पूर्ण दिवाच बदलणे शहाणपणाचे. विम्यावर विसंबून मात्र राहू नये. झिजेची भरपाई विमा देत नाही आणि अपघातात फुटलेल्या प्लास्टिकच्या भागांवर सर्वसाधारण पॉलिसीत ५० टक्के घसारा वजा होतो.

वाहनकर्जाची मुदत सर्वसाधारणपणे पाच ते सात वर्षांची असते आणि दिव्यांची झीजही त्याच सुमारास दिसू लागते. शेवटचा हप्ता फिटल्यावर अनेक ग्राहक नवी गाडी घेण्याचा विचार करतात. ज्यांना जुनीच गाडी आणखी काही वर्षे चालवायची आहे, त्यांनी पुढच्या महिन्याच्या वाचलेल्या हप्त्यातील थोडी रक्कम प्रथम दिव्यांवर खर्च करावी. या खर्चाचा परतावा पासबुकात दिसणार नाही, पण तो घरी वाट पाहणाऱ्यांना मिळेल.