दाढी, मुलाखत आणि पारख

कर्वेनगरात भाड्याच्या खोलीत राहणारा पदवीधर मुलाखतीच्या आदल्या दिवशी केशकर्तनालय गाठतो. दाढी ठेवावी की काढावी, हा त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. उमेदवाराची खरी कुवत मालकास दिसत नाही. म्हणून तो बाह्य खुणांवरून अंदाज बांधतो, हे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडले. परंतु त्यांच्या विवेचनातील खूण होती शिक्षणाची. ते मिळविण्यास कष्ट पडतात आणि कमी कुवतीच्या माणसास अधिक पडतात; म्हणूनच त्यावरून काही कळते. गुळगुळीत हनुवटी कोणासही पाच मिनिटांत साधते.

ज्यांच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते, त्या धोंडो केशव कर्वे यांनाही चेहऱ्याचा फटका बसला होता. १८७५ साली ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेले. वयाची १७ वर्षे पूर्ण झाली होती. परंतु मुलगा तेवढा दिसत नाही, या सबबीवर त्यांना परत पाठविण्यात आले. ओठांवर मिसरूड असते तर हेलपाटा वाचला असता काय, कोण जाणे! पुढे याच गृहस्थांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकविले.

विषारी वायूच्या कारखान्यात मुखवटा घट्ट बसावा म्हणून दाढीस मज्जाव असेल, तर तो रास्तच. बँकेत वा संगणक कंपनीत तसे कारण नाही. तेथे नियम असेलच, तर तो जाहिरातीत छापावा. छापण्याचा संकोच वाटत असेल, तर गुण देतानाही तो बाजूस ठेवावा.