उद्याचा दिवस कुणी विकायला आला तर

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना चार गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्यातली बरीच घरं नगर-जालन्याकडून कामासाठी इकडे आली. कुणी परमनंट झालं, कुणी अजून कंत्राटावर आहे. काही महिने काम, मग ब्रेक. अशा घरात उद्याची काळजी असणारच. काळजी वाटली म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

पण याच काळजीवर डोळा ठेवून काही लोक येतात. तुमचं भविष्य देवानं मला दाखवलं, असं म्हणतात. एक जण परमनंट व्हायचा महिना सांगतो, दुसरा जगाच्या शेवटाची तारीख. मग पाकिटाची गोष्ट निघते.

पाकीट देऊ नका. प्रार्थना करून घ्यायची तर आपल्या मंडळीच्या पाळकाकडे किंवा फादरांकडे जा. तिथे प्रार्थनेला दर नसतो, आणि असेल तर तिथूनही उठून या.

भविष्य आणि देव यांचं नातं काय, यावर मोठमोठ्या लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी म्हणाला की देव काळाच्या बाहेर आहे. आपला काल, आज आणि उद्या त्याच्यापुढे एकदमच उघडा असतो. जर्मनीतल्या युर्गेन मोल्टमान यांनी 1964 साली वेगळी मांडणी केली. तरुणपणी ते महायुद्धात सैनिक होते आणि ब्रिटिशांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांना विश्वास सापडला. त्यांचं म्हणणं असं, की देव वर बसून नुसता बघत नाही. तो पुढून आपल्याकडे येतो. येशूचं पुनरुत्थान हे त्या येण्याचं वचन आहे.

दोघांचं पटणार नाही. पण एका गोष्टीत वाद नाही: भविष्य देवाचं आहे, माणसाच्या खिशातलं नाही. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशूनं सांगितलंय. मग तुमच्या गल्लीत आलेल्या पाहुण्याला ती कुठून ठाऊक असणार?

मला स्वतःला मोल्टमान कामगाराच्या जास्त जवळचे वाटतात. सगळं आधीच लिहून ठेवलंय असं धरलं, तर गेटपास बंद झाला तरी माणूस देवाची इच्छा म्हणून गप्प बसतो. ऑगस्टीनलाही हे चाललं नसतं. आपणच त्याच्या देवाचं नशीब करून टाकलं. मोल्टमानांची आशा गप्प बसू देत नाही. तेव्हा नाव कमी झालं तर देवाच्या नावावर टाकून मोकळे होऊ नका. पगाराच्या स्लिपा जपा, सोबतच्या चौघांना घेऊन युनियनकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.

बऱ्याच घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मयाचं एक वचन असतं. तुमच्यासाठीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अशा अर्थाचं, एकोणतिसाव्या अध्यायातलं. आज बायबल उघडा आणि तो अख्खा अध्याय वाचा. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून सांगतो. लोकांना तो आवडला असणार. यिर्मया मात्र लिहितो: सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ज्यानं लवकरची तारीख दिली तो खोटा ठरला.

पुढे बत्तिसाव्या अध्यायात तर यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः कैदेत आहे, आणि तो चुलतभावाकडून शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी तागडीत तोलून देतो. साक्षीदारांच्या सह्या घेतो. खरेदीखताच्या दोन्ही प्रती, मोहोर केलेली आणि उघडी, मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. देव येणार यावर ज्याचा विश्वास आहे, तो माणूस कागदपत्रं अशी सांभाळतो.

थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण कामधंदा न करता लुडबुड करत फिरायचे. प्रभूचा दिवस आलाच, अशी आवईही तिथे उठली होती. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा. त्यानं त्यांना सरळ कामाला लागायला सांगितलं.

म्हणून कुणाच्या सांगण्यावरून नोकरी सोडू नका. मुलांची शाळा थांबवू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका. ईएसआयचं कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरच्या दवाखान्यात दाखवा. भविष्यवाणीच्या नावाखाली कुणी पैशाला फसवलं तर पोलिसांत जायला लाजू नका. त्यानं देवाचा अपमान होत नाही.

घरात आजीला किंवा मावशीला अशा माणसाचा लळा लागला असेल तर भांडू नका. शेजारी बसा, तिच्याच बायबलमधून यिर्मयाचा अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा अध्याय मोठ्यानं वाचून दाखवा.

आणि येत्या रविवारी उपासनेहून आलात की पीएफचं खातं उघडून वारसाचं नाव तपासा. बऱ्याच जणांनी ते लग्नाआधी भरलेलं असतं. तसंच राहिलं असेल तर त्याच दिवशी बदला.