आपल्याच मतदारसंघातील बेट

पिंपरीत राहणाऱ्या कोणालाही विचारा, आपला लोकसभा मतदारसंघ कुठपर्यंत जातो? बहुतेक जण लोणावळ्याचे नाव घेतात. राजकारणाची थोडी अधिक माहिती असलेले घाट उतरून पनवेलपर्यंत येतात. पण मावळ मतदारसंघ तिथेही संपत नाही. 2008 च्या पुनर्रचनेत पुणे जिल्ह्यातील पिंपरी, चिंचवड आणि मावळ यांच्या जोडीला रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत आणि उरण हे विधानसभा मतदारसंघ आले आणि हा मतदारसंघ तयार झाला. उरण तालुक्यात एक बेट आहे, घारापुरी. जग त्याला एलिफंटा म्हणते. निगडीच्या कामगाराचे आणि घारापुरीच्या मच्छीमाराचे खासदार एकच आहेत.

मी पिंपरीचा मतदार आहे. आमच्याकडे प्रचारात रेडझोन, शास्तीकर, पवनेचे पाणी, महामार्गावरची कोंडी यांवर सभा होतात, आणि त्या झाल्याही पाहिजेत. घारापुरीचे नाव मात्र मी आजवर एकाही सभेत ऐकलेले नाही. त्या बेटाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे म्हणूनच वाटले. त्याच्या गोष्टीत आपल्या पट्ट्यालाही शिकण्यासारखे बरेच आहे.

गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी सुमारे 10 किलोमीटरवर आहे. बोटीने तासाभराचा प्रवास. दोन टेकड्या, मधली सखल जागा, किनाऱ्यालगत चिखल आणि खारफुटी. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन छोटी गावे मिळून एक ग्रामपंचायत. वस्ती हजार-बाराशेची, म्हणजे वाकड किंवा पिंपळे सौदागरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीएवढी. पिण्याचे पाणी पावसाच्या साठवणीवर अवलंबून. पुढचे शिक्षण, मोठे दुखणे, सरकारी कागद, यातल्या कशासाठीही पाणी ओलांडावे लागते.

टेकडीच्या पोटात कोरलेल्या लेण्यांमुळे हे बेट प्रसिद्ध आहे. 1987 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. गुजरातच्या सुलतानाकडून 1534 मध्ये वसईच्या तहाने हा सारा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. बंदराजवळ दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. पुढे इंग्रजांच्या काळात तो हत्ती विलायतेला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो तुटला. आज तो जोडलेल्या अवस्थेत मुंबईच्या राणीबागेत उभा आहे. ज्या हत्तीमुळे बेटाला जगभरचे नाव मिळाले, तो पाहायला बेटावरच्या मुलांना मुंबईला जावे लागते.

आता कारभाराकडे पाहू. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात, म्हणजे केंद्राकडे. प्रवासी बोटींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. पर्यटनाचा विषय महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा. वीज महावितरणची. तालुका उरण, जिल्हा रायगड. पण पर्यटक ज्या धक्क्यावरून बोटीत बसतो तो मुंबई शहर जिल्ह्यात. या सर्वांच्या खाली ग्रामपंचायत, जिच्याकडे गावाची साफसफाई, दिवाबत्ती आणि उतरणाऱ्या पर्यटकांकडून घ्यायचा छोटासा कर एवढेच हाती उरते. प्रत्येक खाते आपापल्या जागी बरोबर असेलही, पण संपूर्ण बेटाबद्दल उत्तर देणारे एकही टेबल नाही.

अर्थव्यवस्था सांगायला दोन वाक्ये पुरतात. मासेमारी आणि पर्यटन. धक्क्यापासून छोटी गाडी, मग लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, मूर्ती, काकडी, सरबत यांची दुकाने. सकाळी बोटी येतात, संध्याकाळी परत जातात, रात्री पर्यटक राहत नाहीत. सोमवारी लेणी बंद, म्हणून सोमवारी धंदा बंद. पावसाळ्यात हवा बिघडली की बोटी थांबतात आणि धंदाही थांबतो. 2020 च्या मार्चमध्ये देशभरातील संरक्षित स्मारके बंद झाली, तेव्हा बेटाचा जणू एकमेव कारखाना बंद पडला. चाकणच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. एकाच मोठ्या कंपनीवर जगणाऱ्या छोट्या पुरवठादाराची स्थिती अशीच असते. वरच्याने कुलूप लावले की खालच्याची चूल थंड.

या बेटाची सर्वांत बोलकी गोष्ट विजेची आहे. घारापुरीच्या शेजारीच जवाहर द्वीप आहे. 1950 च्या दशकापासून तिथे तेलाची जहाजे लागतात आणि समुद्राखालच्या नळांतून ते तेल मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांना जाते. समोरच्या तुर्भे किनाऱ्यावर 1956 मध्ये देशाची पहिली अणुभट्टी, अप्सरा, सुरू झाली. दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा येथे 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर उभे राहिले. चाकण, तळेगाव आणि भोसरीच्या कारखान्यांचा माल कंटेनरमध्ये भरून घाट उतरतो तो याच बंदराकडे. रात्री धक्क्यावरचे दिवे बेटावरून स्पष्ट दिसत. बेटावर मात्र संध्याकाळी काही तास डिझेलचे जनित्र चाले, मग अंधार.

समुद्राखालून केबल टाकून घारापुरीला कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. स्वातंत्र्याला तेव्हा 70 वर्षे होऊन गेली होती. केबल किती लांब? सुमारे साडेसात किलोमीटर.  समुद्राखालून तेल नेण्याचे तंत्र अनेक दशके शेजारीच वापरात होते. अडचण खर्चाची होती, आणि तो खर्च कोणासाठी करायचा याची होती.

हिशेब करून पाहा. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपयांचा निधी मिळतो. 2024 च्या निवडणुकीत मावळमध्ये 25 लाखांहून अधिक मतदार होते. डोईनुसार वाटणी केली तर एका मतदाराच्या वाट्याला वर्षाला 20 रुपयेही पूर्ण येत नाहीत. हजार मतदारांचे गाव धरले तर 20 हजारांच्या आत. केबलच्या कामाला सुमारे 25 कोटी लागले, म्हणजे खासदाराचा पाच वर्षांचा सगळा निधी. डोकी मोजून निर्णय घेतला असता तर घारापुरीला वीज मिळायला आणखी शतके लागली असती. ती मिळाली, कारण सरकारने एका टप्प्यावर हा प्रश्न मतांचा न धरता हक्काचा धरला. मग तो 1960 मध्ये, 1980 मध्ये किंवा 2000 मध्ये हक्काचा का नव्हता, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

जबाबदारी वाटली गेली की काय होते, हे 18 डिसेंबर 2024 रोजी साऱ्या देशाने पाहिले. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट आदळली. 15 जणांचा जीव गेला. आसपासच्या बोटींनी धावून येऊन अनेकांना वाचवले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती झाली, तपास सुरू झाले. पण ज्या पाण्यातून रोज पर्यटक, मच्छीमार, शाळकरी मुले आणि मालवाहू जहाजे जातात, त्याच पाण्यात चाचणी कुठे आणि केव्हा घ्यावी, हा प्रश्न अपघाताआधी विचारायचा होता. बेटावरच्या लोकांसाठी ती बोट म्हणजे त्यांचा रस्ता आहे.

आपल्या वाचकांना बेट म्हटले की लक्षद्वीप आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. तिथली परिस्थिती घारापुरीच्या उलट आहे असे वरवर वाटेल. एकूण जमीन 32 चौरस किलोमीटर, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या क्षेत्राच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. 10 बेटांवर वस्ती. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64 हजारांच्या पुढे, त्यात 96 टक्क्यांहून अधिक मुस्लिम. नारळ आणि गळाने पकडलेला ट्यूना मासा हा जगण्याचा आधार. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर वर आणि गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. आपल्याकडे 25 लाख मतदारांना एक खासदार, तिथे 60 हजारांहून कमी मतदारांना एक. मग त्यांचा आवाज मोठा असायला हवा.

तो तसा नाही. लक्षद्वीपला विधानसभा नाही. कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाकडे आणि घटनेच्या कलम 240 नुसार नियम करण्याचा अधिकार राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारकडे. 2021 मध्ये विकास प्राधिकरणाला जमिनीबाबत व्यापक अधिकार देणारा मसुदा आला. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायत निवडणूक लढवू न देणारा मसुदा आला. गोमांसबंदीचा आणि प्रतिबंधक अटकेचाही आला. लोकांनी 7 जूनला आपापल्या घरात राहून 12 तासांचा उपवास केला. त्याआधी 31 मे रोजी केरळ विधानसभेने एकमताने ठराव करून प्रशासकांना परत बोलावण्याची मागणी केली होती. विरोध केवळ एका समाजाच्या खाण्यापिण्यापुरता नव्हता. जिथे जमीन तळहाताएवढी आणि पाणी ओंजळभर, तिथे ती कशी वापरायची हे तिथल्या माणसाला न विचारता ठरवू नये, एवढे साधे म्हणणे होते.

आणि निवडून न आलेल्या प्रशासकाचा कारभार कसा असतो, हे आपल्याला लक्षद्वीपकडून ऐकण्याची गरज तरी कुठे आहे? पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. जवळपास चार वर्षे देशातील एका मोठ्या औद्योगिक शहराला नगरसेवक नव्हता. या काळात अधिकाऱ्यांनी कामे केली नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण गटाराचे झाकण तुटले तर रागावायला हक्काचे माणूस नव्हते. बेटावरच्या लोकांना हे नेहमीचेच आहे.

यातून मी एवढेच काढतो की कोणतीही जागा दूरची ठरते ती तिच्याबद्दलचे निर्णय कुठे होतात यावरून. घारापुरीहून मुंबईचे दिवे दिसतात, तरी ती 70 वर्षे दूर राहिली.

याच मापाने आपला चाकण पट्टा मोजून पाहा. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत आज बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, मराठवाडा आणि विदर्भातून आलेले हजारो कामगार दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. त्यांत प्रत्येक धर्माची आणि जातीची माणसे आहेत. ती मतदार आहेत आपल्या मूळ गावची. ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीची वाटणी अजूनही 2011 च्या लोकसंख्येवर होते, म्हणून त्यानंतर आलेला माणूस त्या हिशेबात नाही. पाणी तो पितो, कचरा तो करतो, गावाची कमाईही वाढवतो, पण कागदावर तो नसतो. घारापुरी मोजली गेली आणि फार थोडी निघाली. चाकणची चाळ मोजलीच गेली नाही. दोन्हीकडे परिणाम सारखाच, टँकर आणि अंधार.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांपुढे मी दोन कामे ठेवतो. पहिले, जनगणनेची मुख्य मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे. आपल्या वस्तीतील, चाळीतील, लेबर कॅम्पमधील प्रत्येक कुटुंबाची आणि एकट्या कामगाराची नोंद तो जिथे राहतो तिथे होईल, याची आतापासून तयारी करा. कोणाचा धर्म, भाषा, जिल्हा विचारू नका. जो खोलीत राहतो तो मोजला गेला पाहिजे. पुढच्या अनेक वर्षांचे पाणी, दवाखाना आणि शाळा त्या एका नोंदीवर अवलंबून असतील.

दुसरे, जो आपल्या मतदारसंघात आहे तो आपला शेजारी आहे. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला शिकवलेला आहे, आणि शेजारी भिंतीला भिंत लागूनच असतो असे नाही. पुढच्या वेळी पिंपरी-चिंचवडमध्ये लोकसभेचा उमेदवार मते मागायला येईल तेव्हा आपल्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न घारापुरीचाही विचारा. पाण्याची साठवण किती झाली? आजारी माणसाला रात्री न्यायला बोट आहे का? बोटींची तपासणी कोण करतो? बेटाच्या उत्पन्नातील किती पैसा ग्रामसभेच्या हाती राहतो? हजार मतदारांनी विचारलेला प्रश्न बाजूला ठेवता येतो. तोच प्रश्न पिंपरी आणि चिंचवडच्या मतदारांनी विचारला तर उमेदवाराला त्याचे उत्तर शोधूनच यावे लागेल.